नदी कधी फुटली? तीन शतकांची एक नोंदवही (थ्रेड)

१/ फिनलंड आणि स्वीडन यांच्या सीमेवर तोर्निओ नदीच्या काठी आवासाक्सा नावाची टेकडी आहे. मे महिन्यात तिच्या पायवाटांवर चढून लोक नदीकडे पाहत उभे राहतात. जवळजवळ अर्धे वर्ष गोठलेली नदी आता फुटणार असते. आधी काठालगत काळ्या पाण्याची रेघ उमटते, मग आतून कडाडल्याचे आवाज येतात आणि अखेर आख्खे पात्रच चालू लागते.

२/ बर्फ केवळ उन्हाने वितळतो असे नाही. वरच्या डोंगराळ भागातील हिमाचे पाणी नदीत उतरते, पातळी वाढते आणि खालून रेटा बसून बर्फाची लादी उचलली जाते, तडकते. तुकडे वळणावर अडकले की बांध तयार होतो आणि मागे पूर चढतो. तोर्निओ दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे तिचे मुख सहसा आधी मोकळे होते. सायबेरियातील ओब, येनिसेई, लेना या नद्या उत्तरवाहिनी. त्यांचा उगमाकडचा भाग सुटतो तेव्हा मुख अजून गोठलेलेच असते. तेथील पूर म्हणूनच अधिक भयंकर.

३/ ही नदी कोणत्या दिवशी फुटली, याची नोंद १६९३ पासून उपलब्ध आहे. ती सुरू केली ओलोफ आल्बोम या व्यापाऱ्याने. तोर्निओ हे १६२१ मध्ये वसवलेले व्यापारी गाव, तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली. व्यापार, वाहतूक, मासेमारी सारे नदीवर अवलंबून. बर्फ सुटण्याचा दिवस म्हणजे व्यवहाराचा दिवस. पुढे उत्तरेच्या महायुद्धात रशियन फौजा आल्या, आल्बोमला परागंदा व्हावे लागले आणि नोंदीत खंड पडला. १७२१ च्या तहानंतर ती पुन्हा सुरू झाली.

४/ या जुन्या तारखा वाचताना मात्र सावध राहावे लागते. स्वीडनने १७०० मध्ये २९ फेब्रुवारी गाळली. त्यामुळे तो देश जुन्या ज्युलियन पंचांगाच्या एक दिवस पुढे आणि ग्रेगोरियन पंचांगाच्या दहा दिवस मागे, असा अधांतरी राहिला. १७१२ मध्ये चक्क ३० फेब्रुवारी पाळून तो ज्युलियनवर परतला आणि १७५३ मध्ये ११ दिवस वगळून ग्रेगोरियनवर आला. हा हिशेब चुकला, तर एखादा वसंत विनाकारण दीड आठवडा लवकर आलेला दिसेल!

५/ याच बर्फावर पृथ्वीचा आकारही ठरला. ध्रुवांपाशी पृथ्वी चपटी की लांबट, या वादासाठी फ्रान्सने मोपर्तुई यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम येथे धाडली. क्लेरो आणि अँडर्स सेल्सियस तिच्यात होते. मोजणीचे एक केंद्र आवासाक्सावरच होते. १७३६ च्या डिसेंबरात गोठलेल्या नदीवर लाकडी दांडे एकापुढे एक ठेवत त्यांनी सुमारे १४ किलोमीटरची पायारेषा मोजली. सपाट, अखंड जमीन या डोंगराळ मुलखात दुसरी कोठून मिळणार? निकाल न्यूटनच्या बाजूने लागला: ध्रुवांपाशी पृथ्वी चपटी.

६/ उशिरा येणारा वसंत म्हणजे काय, हे १८६७ ने दाखवले. त्या वर्षी हेलसिंकीचे मे महिन्याचे सरासरी तापमान दोन अंशांच्याही खाली राहिले. जून उजाडला तरी सरोवरांवर बर्फ होता. पेरण्या लांबल्या आणि सप्टेंबरच्या हिमदवाने उरलेसुरले पीक नेले. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात फिनलंडची सुमारे आठ टक्के लोकसंख्या मरण पावली. नोंदवहीत हे सारे केवळ एक उशिराची तारीख म्हणून उरते.

७/ अलास्कातील नेनाना गावी हेच काम पैजेने केले. १९१७ मध्ये रेल्वेच्या अभियंत्यांनी तानाना नदी कधी फुटेल यावर ८०० डॉलर लावले. आजही बर्फात एक लाकडी सांगाडा रोवतात. तो वाहू लागला की त्याला जोडलेली तार काठावरचे घड्याळ थांबवते. पैशांचा प्रश्न असल्याने तारीखच काय, मिनिटही चुकत नाही. हवामान-अभ्यासकांना याहून चोख नोंदवही क्वचितच मिळाली असेल.

८/ तोर्निओ आता आल्बोमच्या काळापेक्षा बरीच आधी मोकळी होते. नेनानात २०१९ साली बर्फ १४ एप्रिललाच सुटला. १९१७ पासूनची ती सर्वांत लवकरची तारीख. जपानमधील सुवा सरोवर गोठल्याची नोंद शिंतो पुजारी १४४३ पासून ठेवत आले आहेत. अलीकडे ते अनेक हिवाळ्यांत गोठतच नाही. पुजारी तेही लिहून ठेवतात.