बालेवाडी, हैदराबाद, दिल्ली

दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर ड्युरँड कप फुटबॉल स्पर्धा पाहत मी वाढलो. म्हणून 2014 साली इटलीचा फुटबॉलपटू देल पिएरो दिल्ली डायनामोज क्लबच्या जर्सीत उतरला, तेव्हा ऊर भरून आला. पुढे प्रेक्षक रोडावले आणि 2019 मध्ये क्लब भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. दिल्लीच्या मुलांना कुणी विचारलंही नाही. त्याच वर्षी बालेवाडीचा एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींत बंद पडला. त्याच्या जागी आलेल्या हैदराबाद एफसीने 2022 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली, पण नंतर खेळाडूंचे पगार थकले. तोच क्लब 2025 मध्ये स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. मालक बदलून पगार थकण्याचं हे दुखणं जाणार नाही. हंगामाआधी पूर्ण वर्षाचे पगार बाजूला ठेवण्याची सक्ती भारतीय फुटबॉल महासंघाने करावी.