साथीचे दिवस आणि कमरेचा घेर

वाचकहो, इतिहासाच्या मास्तराने सनावळ्या सोडून पोटाच्या घेरावर बोलावयाचे, म्हणजे भटजीने नांगर धरण्यासारखे आहे. मला ते मान्य आहे. पण गेली काही वर्षे मी १८९७ चा प्लेग आणि १९१८ ची मानमोडी शिकवताना वर्गापुढे अडखळतो. मुले विचारतात, "सर, तेव्हा कोण माणसे जास्त दगावली?" मी उत्तर देतो. मग दुसरा प्रश्न येतो, "आणि आपल्या वेळी?" या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे त्याविषयीच आज तुमच्याशी चार शब्द बोलावे म्हणतो.

मी राहतो डोंबिवलीला, शिकवतो ठाण्याला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ती कल्याणपर्यंत गेली. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाचे आयुष्य रुळांना बांधलेले आहे. सुखदुःखे गाडीने आली तसे रोगही गाडीने आले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. मुंबईकर भिऊन गाड्या भरभरून पळू लागले. पुण्याकडचा आणि नाशिककडचा रस्ता जिथे फुटतो ते कल्याण जंक्शन. तिथे उतारूंना उतरवून त्यांच्या काखा-जांघा तपासत. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. तोच कायदा १२३ वर्षांनी, २०२० साली, आपल्यावर पुन्हा लागू झाला. इतिहास शिकवणाऱ्याला यापेक्षा मोठा दाखला कुठला मिळायचा!

प्लेगच्या वेळी सरकारी अधिकाऱ्यांच्या लिहिण्याबोलण्यात एक सूर पुन्हा पुन्हा लागे. तो असा, की ही माणसे घाणीत राहतात, दाटीवाटीने राहतात, म्हणून मरतात. दोष रोग्याचा. पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले, की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते. चाळीतल्या माणसाने दहा बाय दहाच्या खोलीत राहायचे स्वतःहून ठरवले नव्हते आणि उंदीरही त्याने पाळले नव्हते. पण ते कळेपर्यंत त्याच्या अब्रूचे खोबरे झालेच. आणि त्याच साथीत, दोष कोणाचा हे विचारत न बसता, पुण्याजवळ आपल्या मुलाच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. या दोन वृत्ती लक्षात असू द्या. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता मानमोडी. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द परवापरवापर्यंत होता. जून १९१८ मध्ये हा ताप मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने कहर केला. हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढे जातात. १९११ ते १९२१ या एकाच दशकात आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः या तापाने. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. महायुद्धाची महागाई होती, धान्य कडाडले होते. ताप आला तेव्हा माणसाच्या अंगात त्याच्याशी झुंजायला काही उरलेच नव्हते. ज्यांच्या घरी दाणा नव्हता, जी बाई शेवटी उरलेसुरले खात होती, ती आधी गेली.

आणि २०२० साली? तेव्हा न्यूयॉर्क, फ्रान्स, इंग्लंड इथल्या इस्पितळांतून वेगळीच बातमी आली. कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर चढवावी लागणारी पुष्कळ माणसे स्थूल होती. आपल्याकडेही मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेले पोट यांचे त्रिकूट डॉक्टरांना वरचेवर दिसू लागले. इंग्लंडचे पंतप्रधान जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये अतिदक्षता विभागात जाऊन आले आणि जुलैत त्यांच्या सरकारने वजन उतरवण्याची मोहीमच काढली. कारण तसे समजायला सोपे आहे. पोटात चरबी साठली की ती श्वासपटलाला खालून रेटते. माणूस उताणा निजला की फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही. शिवाय चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे. ती शरीरात सतत एक बारीक दाह पेटता ठेवते. त्या धुमसत्या घरावर विषाणूची ठिणगी पडली म्हणजे काय व्हायचे ते सांगायला नको.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रिकामे पोट मारत होते आणि आता सुटलेले पोट मारते, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणत होतो. पण हे प्रकरण इतके सरळ नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास मांडला. तिथे जन्मणारे बाळ सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडातले साडेतीन किलोचे. आपले बाळ हाताने उचलले तर काडी. पण मोजून पाहिले तर त्याचे स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान, आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून बारीक, आतून लठ्ठ! याज्ञिकांनी पुढे २००४ साली एका लंडनकर सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो आणि आकडे एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. आईच्या पोटात असताना जे अन्न कमी पडते, त्याची नोंद शरीर अशी ठेवते, असे याज्ञिकांचे म्हणणे. पिढ्यान् पिढ्या तुटीचा संसार केलेले घर पैसा आला की पहिल्यांदा कोठार भरते, तसेच हे. म्हणून आपल्याकडे मापे कडक ठेवावी लागतात. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे वजन ६५ किलोच्या वर गेले की जास्त आणि ७० च्या वर गेले की स्थूलपणा. त्याहून सोपे माप कमरेचे. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत धरा आणि श्वास आत ओढू नका!

ठाणे जिल्ह्यापुरते पाहिले तरी हे दोन्ही टोकांचे चित्र एका नकाशात मावते. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत भुकेने लेकरे दगावली, ती बातमी महाराष्ट्रभर गेली. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ साली तो पालघर जिल्ह्यात गेला. तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवर आमच्या गल्लीत वजन उतरवण्याच्या चूर्णांच्या जाहिराती लागतात.

आता माझे सांगतो. २२ मार्च २०२० ला जनता संचारबंदी झाली आणि सामान्य उतारूंची लोकल थांबली. ती आम्हा सर्वांसाठी पुन्हा सुरू झाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांतच. मी व्यायाम करणारा माणूस कधीच नव्हतो. पण घरून स्टेशन वीस मिनिटे, पुलाचे जिने, ठाण्याला उतरून कॉलेजपर्यंत पुन्हा चालणे, फळ्यापुढे पाच तास उभे राहणे आणि संध्याकाळी हेच सारे उलट. ही लोकल म्हणजे आमचा आखाडा होता हे ती बंद पडल्यावर समजले. व्याख्याने मोबाइलवर आली. मी खुर्चीत बसलो तो बसलोच. दुकाने बंद म्हणून बाहेरचे खाणे सुटेल असे वाटले होते. झाले उलटेच. कल्याणचा खिडकी वडा मिळेना म्हणून घरी वडे झाले, मग पाणीपुरी झाली, मग केक. शेजारच्या बिल्डिंगीतून वाट्यांची देवाणघेवाण झाली. ऑक्टोबरात मी काट्यावर उभा राहिलो तर ७१ चे ७९ झाले होते. दोष कोणाला देऊ? वड्याला?

तसे पाहिले तर ३ जून २०२० पासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ मोकळ्यावर चालायला-धावायला राज्यात परवानगी मिळाली होती. जुलैत ठाण्याला आणि आमच्याकडे पुन्हा २ ते १९ तारखेपर्यंत कडक बंदी लागली. पण तो अपवाद धरला तरी बाकीच्या दिवसांत मला कोणी अडवले नव्हते. तळमजल्यापासून गच्चीपर्यंतचा जिनाही कोणी बंद केला नव्हता. माझ्या आठ किलोंपैकी पाच तरी माझे स्वतःचे आहेत, हे मी कबूल करतो.

माझ्या थोरल्या भावाचे मात्र तसे म्हणवत नाही. तो कारखान्यात वीस वर्षे रात्रपाळी करीत आला. दिवसा झोप, अवेळी जेवण, पाळीवर जागे राहायला गोड चहा. वजन ९६ किलो आणि साखर कायम वाढलेली. एप्रिल २०२१ मध्ये त्याला कोरोना झाला. खाट मिळवायला आम्ही दीड दिवस फिरलो. मिळाली तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरने कागद भरता भरता त्याला विचारले, "एवढं वजन वाढू दिलंच कसं तुम्ही?" भाऊ तोंडावरचा मुखवटा धरून धापा टाकत होता. तो काही बोलला नाही. माझ्या डोळ्यांपुढे प्लेगातले ते अधिकारी आले. तो डॉक्टरही अठरा तास उभा असेल, त्याच्यावर माझा राग नाही. पण प्रश्न चुकीच्या वेळी होता आणि अर्धाच होता. भाऊ नऊ दिवस प्राणवायूवर होता. दहाव्या दिवशी परिचारिकेने मला फोन लावून दिला तेव्हा तो पहिले वाक्य बोलला ते हे, "त्याला सांग, मी मुद्दाम नाही केलं."

वाचकहो, चरकाचार्यांनी अतिस्थूल माणसाचे प्रकरण दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले. कारणे सांगताना त्यांनी अतिभोजन, गोड-स्निग्ध पदार्थ, व्यायाम न करणे, दिवसा झोपणे हे सारे सांगितले, आणि त्याच यादीत बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला भागही घातला. इतक्या जुन्या वैद्याला जी समज होती ती आपण का सोडावी? माणसाच्या हाती काय आहे आणि काय नाही याची वाटणी प्रामाणिकपणे करावी लागते. रात्रपाळी भावाच्या हाती नव्हती. डोंबिवलीत मोकळा पदपथ माझ्या हाती नाही. तो मागायचा तर नगरसेवकाकडे, आणि तो मागणे हीसुद्धा जबाबदारीच आहे. पण चहातली साखर, रात्रीच्या जेवणाची वेळ, ताटातल्या भाताचा ढीग हे कोणा कारखानदाराने ठरवलेले नाही.

साताऱ्याकडे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले होते, पण आधी ते स्वतः रोज घालीत. राजाने स्वतः घाम गाळल्याशिवाय रयतेला सांगू नये, ही त्यातली खरी गोष्ट. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. वेळापत्रकातला कवायतीचा तास गणिताचा अभ्यासक्रम पुरा करायला घेऊ नका. मीही घेतलेला आहे, म्हणून सांगतो. आणि वर्गातल्या लठ्ठ मुलाला रांगेबाहेर काढून त्याचे वजन मोठ्याने वाचू नका. त्यापेक्षा मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा, की तुम्ही शाळेला, शेताला, पाण्याला रोज किती चालत होता. वहीत ते आकडे येऊ द्या. इतिहासाचा उत्तम धडा होतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी शहापूरकडची. तिने नुसत्या पाण्यासाठी दिवसाला सहा कोस सांगितले. मुलगी म्हणाली, "सर, मी आज बिल्डिंगीतून रिक्षापर्यंत चालले."

खेड्यातल्या मंडळींनी हे शहरचे दुखणे म्हणून बाजूला ठेवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशातल्या शंभरांतल्या सुमारे २१ बाया जास्त वजनाच्या निघाल्या, २०१९-२१ मध्ये २४. पुरुष १९ चे २३ झाले. मोटारसायकल बांधावर गेली, बिस्किटांचा पुडा वाडीवर गेला. याज्ञिकांची ती बाळे खेड्यातलीच होती हे विसरू नका.

भाऊ घरी आला तेव्हा त्याला जिना चढवेना. आम्ही दाराबाहेरच्या मोकळ्या जागेपासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात इकडून तिकडे चार फेऱ्या. रात्रपाळी त्याने अर्ज करून बदलून घेतली. पगारात थोडे कमी झाले, वहिनी त्यावर काही दिवस गप्प होत्या. ताटात भाकरी आली, भात एका वाटीवर आला. गणपतीत मोदकांवरून भांडण झाले ते झालेच. वजन काही गोष्टीतल्यासारखे उतरले नाही. वर्षात ९६ चे ८९ झाले, मध्येच ९१ झाले. माझे ७९ चे ७४ वर येऊन थांबले आहे आणि हलत नाही.

आता रविवारी सकाळी आम्ही कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी जातो. खाडीवरून वारा येतो. किल्ल्याची चढण लहानच आहे, पण पहिल्या वेळी भाऊ तिच्या मध्यावर बसला होता. तो दगड आम्हाला ठाऊक झाला आहे. गेल्या महिन्यात त्याच्यापाशी आल्यावर मी सवयीने थांबलो, तर हा पुढे निघून गेला आणि वरून ओरडला, "अरे, बसलास कशाला?"