गुलाबाईच्या महिन्यातलं नाव

बाबांच्या आत्याचं नाव गुलाब. आम्ही तिला गुलाबफुई म्हणायचो. चोपड्याकडच्या ज्या खेड्यात ती जन्मली तिथे कपाशी होती, ज्वारी होती, बांधावर तरोटा होता. गुलाब कोणाच्या परसात नव्हता. मग हे नाव आलं कुठून? मोठी माय सांगायची, "गुलाबाई माहेरले उनी, तवय जलमनी ती."

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशात घरोघर गुलाबाई बसते. मातीची पार्वती आणि शेजारी गुलाबराव, म्हणजे शंकर. दिवेलागणीला पोरी टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जायच्या, गाणी म्हणायच्या आणि डब्यात झाकलेला खाऊ ओळखल्याशिवाय हलायच्या नाहीत. विदर्भात हीच भुलाबाई. मोठी माय तिची गोष्ट रंगवून सांगे: सारीपाटात हरलेला महादेव रुसून रानात गेला, पार्वती भिल्लिणीच्या रूपात त्याच्या मागे गेली आणि तो तिला भुलला. सातपुड्याच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या बायकांना देवीचं हे रूप घरचंच वाटे.

पण भुलाबाईची गुलाबाई कशी झाली? गुलाब हा शब्द फारसी. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी; मूळ अर्थ गुलाबपाणी. आपल्याकडे तो फुलालाच लागला. आणि फारसी खानदेशाच्या उंबऱ्यावरच नांदत होती. आज धुळे जिल्ह्यात असलेलं तापीकाठचं थाळनेर ही फारुकींची पहिली राजधानी, मग बऱ्हाणपूर. १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला तोवर त्यांच्या सत्तेला दोनशे वर्षं उलटून गेली होती. दरबारातले शब्द बाजारात आले, बाजारातून माजघरात. मला वाटतं, भुलाबाईच्या नावाशी जुळणारा हा सुवासिक शब्द पोरींनीच गाता गाता उचलला असणार.

फुई म्हातारपणी जळगावला लेकाकडे राहिली. नातवाने कुंडीत गुलाब लावून "आजी, तुझं फूल" म्हटलं, तर ती ठामपणे म्हणाली, "हाऊ नही. मी गुलाबाईनी शे."

जळगाव-धुळ्याकडे गुलाबराव नावाचे पुरुष जागोजागी भेटतात. त्या नावाचं मूळही मी बागेत शोधत नाही. ते मला गुलाबाईशेजारच्या मातीच्या महादेवात दिसतं.