मे महिन्याची सुटी

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुलांना घेऊन कोठें तरी जावें, ही गोष्ट शहरांतील कुटुंबांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती फार जुनी रीत असावी असें कोणासहि वाटेल. वस्तुतः महाराष्ट्रांत तिचें वय दोनशें वर्षांच्या आंतबाहेरचें आहे. त्यापूर्वीं लोक उन्हाळ्यांत घराबाहेर पडत नसत असें नव्हे. लग्नकार्यें, जत्रा आणि यात्रा यांचा हंगाम बहुधा तोच. कारण शेतकामांतून उसंत मिळे आणि वाटा कोरड्या असत. परंतु केवळ हवा पालटावी आणि मुलांनीं बागडावें एवढ्यासाठीं बिऱ्हाड हलविणें ही कल्पना नवी होती.

तिचा उगम गोऱ्या अंमलदारांच्या आजारपणांत आहे. तापानें खचलेल्या अधिकाऱ्यांना व शिपायांना थंड जागीं ठेवतां यावें म्हणून मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें महाबळेश्वर वसविलें. १८२९ मध्यें साताऱ्याच्या महाराजांशीं करार होऊन ती जागा इंग्रजांकडे आली आणि तेथील पेठेला माल्कमचेंच नांव पडलें. पुढें १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेला, आणि मुंबईच्या उशाशींच दुसरें थंड ठिकाण 'सांपडलें'. हा शब्द अर्थात् साहेबाच्या दृष्टीचा! तेथील ठाकर-कातकऱ्यांना तो डोंगर कधींच हरवलेला नव्हता.

साहेबाची ही चैन एतद्देशीय कुटुंबांच्या आटोक्यांत आणली ती आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि १८६३ मध्यें बोरघाट चढून तिनें मुंबई व पुणें हीं शहरें सलग जोडलीं. तोंपर्यंत घाटाचा टप्पा पालखींत, घोड्यावर, नाहीं तर पायीं काढावा लागे. लेंकुरवाळ्या बाईला ती शिक्षाच होती. माथेरानच्या चढणीची अशीच शिक्षा २२ मार्च १९०७ रोजीं संपली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें पदरचे लक्षावधि रुपये घालून नेरळपासून वरपर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांची, सुमारें २१ किलोमीटर लांबीची वाट बांधली. डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत जाणारी ती चिमुकली गाडी मुलांना जणूं आपल्याच मापाची वाटली असल्यास नवल नाहीं.

गाडीइतकेंच महत्त्वाचें दुसरें कारण म्हणजे घड्याळ आणि दिनदर्शिका. शाळा, कॉलेजें आणि हायकोर्ट या तिन्ही संस्थांची मोठी सुटी उन्हाळ्यांत येऊं लागली. बाप शिक्षक वा वकील आणि मुलें शाळेंत, अशा घरांत सर्वांना एकाच वेळीं रिकामपण मिळण्याचा योग प्रथमच आला. लोणावळें, खंडाळें येथें बंगले उठूं लागले. लोकमान्य टिळक उन्हाळ्यांत सिंहगडावर जाऊन राहत.

परंतु बंगला हें भाग्य थोडक्यांचें. गिरणगांवांतील कामगार किंवा गिरगांवांतील कारकून यांना ना बंगला परवडे, ना महाबळेश्वरचें हॉटेल. मुंबईंतील बहुसंख्य कुटुंबें एकाच खोलींत राहत. त्याच खोलींत चूल, अंथरुणें, पाहुणे आणि मुलांचा अभ्यास. अशा घराचें थंड हवेचें ठिकाण एकच, आणि तें म्हणजे आजोळ. येथेंच साहेबाच्या कल्पनेनें मराठी रूप घेतलें. हवापालट म्हणजे अनोळखी जागीं एकांत शोधणें, हा मूळचा अर्थ मागें पडला. जेथें सर्वजण ओळखतात आणि लाड करतात तेथें जाणें म्हणजे सुटी, असें समीकरण बसलें.

कोकणच्या माणसाला आगगाडीचा उपयोग नव्हता. त्याची वाट समुद्रावरची. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत दक्षिणेस जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं, स्वदेशीच्या काळांत, लोकांनीं भाग घेऊन सहकारी बोट कंपनी काढली तेव्हां तिला 'माझी आगबोट' असें नांव पडलें. या नांवांतच त्या वाटेविषयींचें ममत्व दिसतें.

तो प्रवास मात्र सुखाचा नसे. डेकवर सतरंजी पसरून जागा धरावयाची, ट्रंकांचा आडोसा करावयाचा, तान्ह्याला मांडीवर आणि थोरल्याला पदराशीं बांधल्यासारखें बसवावयाचें. बोट लागली कीं मुलें कासावीस होत. त्यासाठीं आईच्या पिशवींत लिंबू आणि आल्याचा तुकडा ठेवलेलाच असे. पुष्कळ बंदरांत बोट धक्क्यास लागत नसे. दूर पाण्यांत ती थांबे, पडाव येऊन बिलगत, आणि हेलकावणाऱ्या शिडीवरून पोरें खलाशांच्या हातोहात खालीं उतरविलीं जात. ज्या बाईनें तो क्षण अनुभविला तिला आपलें मूल परक्याच्या हातीं सोपविणें म्हणजे काय हें सांगावें लागलें नाहीं. पुढें बैलगाडी, आणि तिन्हीसांजेला माजघरांतला दिवा.

आजोळीं मुलांना सुटी असे. आईला ती असेच असें नाहीं. वैशाख हा साठवणाचा महिना. पापड, कुरडया, सांडगे, फेण्या यांचीं वाळवणें अंगणांत पडत. कैऱ्यांची आंबोशी, रातांब्यांचीं आमसुलें, आंब्याचीं व फणसाचीं साटें हें सर्व पहिला पाऊस पडण्यापूर्वीं उरकावें लागे. मुलांकडे कावळे हांकण्याचें काम असे, आणि मजुरी म्हणून पापडाच्या लाट्या. चाळींतल्या मुलाला खाण्याचा जिन्नस वाण्याच्या पुडींतून येतो एवढेंच ठाऊक. तो झाडावरून, चुलीवरून आणि आजीच्या हातून येतो हें ज्ञान त्याला या महिन्यांत होई. शाळेच्या कोणत्याहि इयत्तेंत हा विषय नव्हता.

ज्यांना गांव नव्हतें किंवा भाडें जमत नसे, त्यांची सुटी शहरांतच जाई. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्यें उघडली होती. तेथील हत्ती, वाघ आणि वानरें पाहण्यास भाकरी बांधून नेणारीं कुटुंबें रविवारीं झाडाखालीं पंगत धरून बसत. संध्याकाळीं चौपाटी सर्वांचीच. पुढें १९५२ मध्यें मलबार टेकडीवर कमला नेहरू बाग झाली आणि तेथील म्हातारीच्या बुटाची तिच्यांत भर पडली.

कोकणच्या वाटेला एक काळी कडाहि आहे. पावसाळ्यांत लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत. म्हणून मृगाच्या आधीं परतण्याची घाई असे. बंदरांतली जवळची वाहतूक तेवढी चालू राही. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. स्वातंत्र्य महिन्यावर आलें असतां असंख्य घरांत सुतक आलें. भाऊच्या धक्क्यावरून मुलांना घेऊन निघणाऱ्या आयांच्या मनांत ती बोट पुढें कित्येक वर्षें तरंगत राहिली.

१९४८ पासून एस. टी. गाड्या धांवूं लागल्या, बोटींचे दिवस क्रमाक्रमानें सरले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं कोकण रेल्वे संपूर्ण वाहतुकीस खुली झाली. ज्या प्रवासास पूर्वीं समुद्राचा धाक होता तो एका रात्रीचा झाला. वाट सोपी झाली, परंतु वाटेच्या टोकाशीं दार उघडणारें माणूस आहे कीं नाहीं, हा प्रश्न आतां अधिक कठीण आहे. कारण कोकणांतील पुष्कळ घरें कुलुपांत आहेत. थंड हवा विकत मिळते, तिच्यासाठीं सोय करणारेहि पुष्कळ आहेत. आजोळ मात्र विकत मिळत नाहीं; तें कोणी तरी राखावें लागतें. पूर्वीं तें आजीनें राखलें, आणि त्या राखण्यांत तिची स्वतःची सुटी खर्ची पडली, हें मुलांना सांगणें या सुटीच्या इतिहासास धरूनच होईल.