भीतीवर मात करणाऱ्या नायिका
'रेसिडेंट ईव्हिल' या गाजलेल्या व्हिडिओ गेम मालिकेतील स्त्री-व्यक्तिरेखांची ओळख

सोलापूर (प्रतिनिधी) - व्हिडिओ गेममधील स्त्री म्हणजे राक्षसाच्या कैदेतून सोडविण्याची राजकन्या, हे समीकरण बरीच वर्षे रूढ होते. ते मोडण्यात ज्या मालिकांचा वाटा आहे, त्यांत जपानमधील ओसाका येथील 'कॅपकॉम' कंपनीच्या 'रेसिडेंट ईव्हिल'चे नाव आवर्जून घ्यावे लागते. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने गेम खेळलेल्या पिढीला हे नाव नवे नाही. आज त्याच पिढीची मुले या गेमच्या नव्या आवृत्त्या खेळत आहेत. या मालिकेतील नायिका खेळाडूंच्या मनात इतकी वर्षे का टिकून राहिल्या, याचा हा आढावा.

भयखेळाचे गणित

पहिला गेम जपानमध्ये २२ मार्च १९९६ रोजी 'प्लेस्टेशन'वर आला. तेथे त्याचे नाव 'बायोहझार्ड' असे आहे. दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. 'सर्व्हायव्हल हॉरर' हा शब्दप्रयोग याच गेममुळे रूढ झाला. शत्रूंचा फडशा पाडणे हा त्यातील उद्देश नव्हे. त्यांच्या तावडीतून जिवंत बाहेर पडणे हा आहे. बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच मिळतात, औषधी वनस्पती जपून वापराव्या लागतात. खेळलेला भाग जतन करायचा, तर टंकलेखन यंत्राची शाईची फीतही आधी शोधावी लागते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'टूम्ब रेडर'ची लारा क्रॉफ्ट अवतरली. तिच्या पिस्तुलांतील गोळ्या कधीच संपत नाहीत. 'रेसिडेंट ईव्हिल'च्या नायिकांच्या मात्र संपतात. त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म येथेच आहे. त्या अजिंक्य नाहीत. जवळ आहे तेवढ्यावर त्यांना निभावून न्यावे लागते.

जिल व्हॅलेंटाइन

मालिकेची आद्य नायिका. पोलिसांच्या विशेष पथकातील ही अधिकारी जंगलातील एका वाड्यात सहकाऱ्यांसह अडकते. खेळाडूला जिल किंवा तिचा सहकारी ख्रिस रेडफील्ड यांपैकी एकाची निवड करता येते. जिलजवळ कुलपे उघडण्याचे साधन असते. शिवाय ख्रिसला सहाच वस्तू बाळगता येतात, तर तिला आठ. साहजिकच तिच्या बाजूने खेळ काहीसा सोपा जातो आणि नवखे खेळाडू बहुधा तिचीच निवड करतात.

१९९९च्या तिसऱ्या भागात जिल एकटीच नायिका आहे. उद्ध्वस्त 'रॅकून सिटी'तून बाहेर पडताना 'नेमेसिस' हा दैत्य सतत तिचा पाठलाग करतो. त्या भागातील तिच्या तोकड्या पोशाखावर टीकाही झाली. प्रेतांनी भरलेल्या शहरातून पळणारी पोलिस अधिकारी असा वेश का करील, हा प्रश्न रास्तच होता. २०२०च्या नव्या आवृत्तीत तिला कामास साजेशी पँट देण्यात आली.

क्लेअर रेडफील्ड

जानेवारी १९९८मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन हिदेकी कामिया यांनी केले. त्याचा आधीचा मसुदा बराच पुढे गेल्यावर रद्द करण्यात आला. त्यातील नायिका एल्झा वॉकर ही मोटारसायकल शर्यतीत भाग घेणारी विद्यार्थिनी होती. तिच्या जागी क्लेअर आली आणि ती ख्रिसची बहीण ठरली.

क्लेअर पोलिस नाही, सैनिकही नाही. ती महाविद्यालयीन तरुणी आहे. बेपत्ता भावाच्या शोधात ती त्या शहरात येते. भाऊ भेटत नाही. भेटते ती शेरी बर्किन ही १२ वर्षांची भेदरलेली मुलगी. स्वतःचा जीव धोक्यात असताना क्लेअर तिची जबाबदारी घेते. पुढे २०००च्या 'कोड व्हेरॉनिका'मध्येही तिचा भावाचा शोध सुरूच राहतो. बहुतेक खेळांत भाऊ बहिणीला वाचवितो. येथे बहीण भावासाठी घराबाहेर पडते. अनेकांना क्लेअर सर्वाधिक जवळची वाटते, ती यामुळेच.

रेबेका चेंबर्स आणि एडा वाँग

रेबेका ही १८ वर्षांची वैद्यकीय सहायक. पहिल्या गेममध्ये ती ख्रिसच्या मदतीस येते, तर २००२च्या 'रेसिडेंट ईव्हिल झीरो'मध्ये नायिका होते. तेथे तिला आणि एका फरारी कैद्याला आळीपाळीने चालवावे लागते. अंगबळापेक्षा रसायनांचे ज्ञान हे तिचे शस्त्र आहे.

एडा हिच्या अगदी उलट. लाल पोशाखातील ही गुप्तहेर नेमकी कोणाच्या बाजूची, हे शेवटपर्यंत उमगत नाही. तिचे नाव पहिल्या गेममध्येच एका मृत संशोधकाच्या पत्रात येते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या भागात दिसते.

अ‍ॅश्ली ते ग्रेस

२००५च्या चौथ्या भागात राष्ट्राध्यक्षांची कन्या अ‍ॅश्ली हिच्या रूपाने 'सोडविण्याची राजकन्या' परत आली. तिच्या सततच्या हाका अनेकांना त्रासदायक वाटल्या. २०२३च्या नव्या आवृत्तीत मात्र तिचा स्वभाव अधिक खुलविण्यात आला. जून २०२५मध्ये घोषणा झालेल्या 'रेक्विएम'ची नायिका ग्रेस अ‍ॅशक्रॉफ्ट ही 'एफबीआय'मधील विश्लेषक असून, तिचा भित्रेपणा निर्मात्यांनी मुद्दामच ठळक केला आहे. धाडस म्हणजे भीतीचा अभाव नव्हे, हेच सूत्र येथेही दिसते.

चित्रपटांतून परिचित झालेली मिला योवोविचची 'अ‍ॅलिस' मात्र गेममध्ये कोठेही नाही. ती २००२ ते २०१६ या काळातील सहा चित्रपटांसाठीच निर्माण केलेली व्यक्तिरेखा आहे.

पुण्याची 'राजी'

बेपत्ता भावाला शोधणारी बहीण महाराष्ट्रात घडलेल्या गेममध्येही आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने तयार केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२०मध्ये प्रकाशित झाला. हा भयखेळ नव्हे, साहसखेळ आहे. पण असुरांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावासाठी निघालेली राजी ही वृत्तीने क्लेअरची बहीणच शोभते. तिला त्रिशूळ मिळतो तो दुर्गेकडून. रूपाभवानीच्या आणि शेजारच्या तुळजाभवानीच्या नवरात्राशी जोडलेल्या सोलापूरकरांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात 'राजी'ला नामांकन मिळाले होते.

सुरुवात कोठून करावी?

जिलची ओळख करून घ्यायची, तर पहिल्या गेमची २००२मधील सुधारित आवृत्ती उत्तम. ती २०१५पासून संगणकावरही उपलब्ध आहे. क्लेअरसाठी दुसऱ्या भागाची २०१९ची आवृत्ती खेळावी. पालकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. या गेममधील हिंसा बीभत्स असून, अमेरिकेत त्यांना १७ वर्षे व त्यावरील वयोगटासाठीचे मानांकन आहे. लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत. नायिका कितीही आवडत्या असल्या, तरी त्यांच्या भोवतीचे जग मुलांसाठी नाही.