कमिन्स ६बीटी इंजिनातील शक्तिवर्धक बदल

कमिन्स ६बीटी हे ५.९ लिटर क्षमतेचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले टर्बोचार्ज केलेले डिझेल इंजिन आहे. अमेरिकेत ते १९८९ ते १९९८ या काळात डॉज रॅम पिकअप ट्रकमध्ये बसवले जात असे. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण १२ व्हॉल्व्ह असल्याने ते ‘बारा-व्हॉल्व्ह’ या नावानेही ओळखले जाते. इंधनपुरवठ्यावर संगणकाचे नियंत्रण नसल्यामुळे त्याची शक्ती साध्या यांत्रिक फेरबदलांनी वाढवता येते. मात्र असा प्रत्येक बदल उपयुक्त ठरतोच असे नाही.

पार्श्वभूमी

सिलिंडरचा व्यास १०२ मिमी व पिस्टनची धाव १२० मिमी आहे. ब्लॉक व हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे असून कॅमशाफ्ट गिअरने फिरते. आरंभीच्या रॅम ट्रकमध्ये हे इंजिन १६० अश्वशक्ती व सुमारे ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क देई. १९९३ पर्यंत बॉशचा व्हीई हा रोटरी इंधन पंप वापरात होता. १९९४ पासून पी७१०० हा इनलाइन पंप आला. दुसऱ्या पंपात जास्त इंधन पुरवण्याची क्षमता असल्याने शक्तिवर्धनासाठी त्याला अधिक पसंती मिळते.

मूलभूत तत्त्व

डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर अवलंबून असते. इंधन वाढवले आणि त्या प्रमाणात हवा वाढली नाही, तर ज्वलन अपुरे राहून काळा धूर निघतो व एक्झॉस्ट वायूचे तापमान चढते. अवजड ओझ्यासह लांब चढावर हे तापमान दीर्घकाळ सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास पिस्टन व टर्बोचार्जर यांना धोका संभवतो. काळा धूर हे जास्त शक्तीचे चिन्ह नसून वाया गेलेल्या इंधनाचे लक्षण आहे.

बदलांचा क्रम

सर्वांत किफायतशीर सुधारणेने एकही अश्वशक्ती वाढत नाही. टायमिंग गिअरचे आवरण जागी बसवणारी पोलादी पिन काही इंजिनांमध्ये सैल होऊन गिअरमध्ये पडते आणि मोठी हानी करते. लहानशी पट्टी लावून ती अडवता येते. त्यानंतर एक्झॉस्टचे तापमान व टर्बोचा दाब दाखवणारे मापक बसवणे इष्ट असते. मापकांशिवाय पुढील बदलांची सुरक्षित मर्यादा कळत नाही.

पुढचा टप्पा हवेचा असतो. दाबलेली हवा तापते व विरळ होते. इंटरकूलर तिला थंड करून तिची घनता वाढवतो. पहिल्या काही वर्षांच्या ट्रकमध्ये इंटरकूलर नव्हता, म्हणून त्यांत तो बसवण्याचा लाभ लक्षणीय असतो. हवेची सोय झाल्यावर पंपाची इंधनमर्यादा वाढवणे किंवा मोठे इंजेक्टर बसवणे योग्य ठरते.

गव्हर्नर मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांच्या आसपास इंधन कमी करू लागतो. अधिक ताठ गव्हर्नर स्प्रिंगने ही मर्यादा वाढते. पण वेग फार वाढवल्यास व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही ताठ घ्याव्या लागतात, अन्यथा व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत. इंधन फवारणीची वेळ अलीकडे आणल्यास एक्झॉस्टचे तापमान उतरते, मात्र सिलिंडरमधील दाब वाढून हेड गॅस्केटवर ताण येतो.

मर्यादा

वाढलेला टॉर्क प्रथम क्लचला, तर स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या ट्रकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरला जाणवतो. तो भाग घसरू लागल्यास वाढलेली शक्ती चाकांपर्यंत न पोचता उष्णतेत जाते. शिवाय इंजिनाची शक्ती वाढली, तरी ब्रेकची क्षमता व ओझ्याची मंजूर मर्यादा वाढत नाही. त्यामुळे ओढकामाच्या ट्रकसाठी मर्यादित वाढ, तर स्पर्धेच्या ट्रकसाठी संपूर्ण फेरबांधणी, असा भेद केला जातो.

कायदेशीर बाजू

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार उत्सर्जन-नियंत्रक भाग काढणे किंवा निकामी करणे बेकायदेशीर आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे बदल करण्यास मनाई आहे. याच बी मालिकेतील इंजिने टाटा कमिन्स या संयुक्त कंपनीने जमशेदपूर येथे टाटा ट्रकसाठी तयार केल्यामुळे हा नियम भारतीय वाहनमालकांनाही प्रस्तुत ठरतो.