हप्ता कोणाच्या खिशातून?

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज पगाराच्या चिठ्ठीवरच्या एका ओळीचा इतिहास पाहू.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका कारखान्यात प्रशासनाचं काम पाहत होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एकट्या त्याची नाही. एप्रिलचा पगार झाला आणि एक फिटर माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. चिठ्ठी पुढे ठेवून म्हणाला, "साहेब, माझा पगार वाढला की घटला?"

वाढला होता. 20,700 चे 22,000 झाले होते. आधी त्याच्या पगारातून राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, 156 रुपये कापले जात. त्यात तो, बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील अशा सगळ्यांच्या उपचाराची सोय होती. पण ईएसआयची पगारमर्यादा 2017 पासून 21,000 आहे. पगार वाढला आणि गडी योजनेच्या बाहेर पडला. आता तो कंपनीच्या खासगी समूह विम्यात आला. तिथे आईचे 750 आणि वडिलांचे 750, असे महिन्याला 1,500 रुपये त्याच्याच पगारातून कापले गेले. भविष्य निर्वाह निधीची कपात तीच होती. हिशेब केला, तर हातात येणारे पैसे 44 रुपयांनी कमी झाले होते.

मी त्याला समजावलं. आदल्या वर्षी कारखान्यात दोघांची हृदयशस्त्रक्रिया झाली, एकाचं डायलिसिस सुरू झालं. दीडशे माणसांचा गट. विमा कंपनीने नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढवला. मालक म्हणाले, कामगार, बायको आणि मुलं यांचं मी भरतो, आईवडिलांचं ज्याचं त्याने भरावं. फिटरने ऐकून घेतलं, चिठ्ठीची घडी घातली आणि गेला. त्या परिपत्रकाखाली सही माझी होती. आणि माझ्या खिशात माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड होतं. एप्रिल 2003 पासून सुरू झालेली ही योजना. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची, मग नवरा-बायको दोघांची आयुष्यभराची सोय. मला दरवर्षी कोणी हप्ता वाढल्याचं पत्र पाठवत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मग वाचायला बसलो.

आजारी कामगाराचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न जुना आहे. जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्ये आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. त्यात दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची आणि एक तृतीयांश मालकाची होती. ब्रिटनमध्ये 1911 च्या कायद्याने आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन अशी वाटणी ठरवली. म्हणजे कामगाराने काहीच भरू नये, असं तेव्हाही कोणी म्हणत नव्हतं. वाद होता तो वाट्याचा.

आपल्याकडे हा विषय दुसऱ्या महायुद्धात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर या अर्थशास्त्रज्ञांवर कारखाना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. 1954 मध्ये ती नागपूरला आली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती आणि आपलं रायपूर त्याच राज्यात होतं.

या कायद्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. पहिली, वर्गणी पगाराच्या प्रमाणात. आज मालक 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75 टक्के. 2019 पूर्वी हेच 4.75 आणि 1.75 होतं. घरात म्हातारी माणसं आहेत म्हणून कोणाची वर्गणी वाढत नाही, आणि अगदी कमी रोजंदारी असलेल्याला स्वतःचा वाटा माफ असतो. दुसरी, ठेकेदाराच्या माणसाची वर्गणीसुद्धा आधी मुख्य मालकाने भरायची.

तिसरी गोष्ट कलम 40 मध्ये होती. काहीही करार झालेला असो, मालकाला स्वतःच्या वाट्याची वर्गणी कामगाराच्या पगारातून कापता येणार नाही आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्याच्याकडून वसूल करता येणार नाही. 1948 मध्ये हे लिहून ठेवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. खर्च वाढला की तो खाली ढकलला जाणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. खासगी समूह विम्याच्या आमच्या त्या करारात असं कलम कुठेच नव्हतं.

आता या कायद्याची उणी बाजू. दवाखान्यातल्या रांगा आणि औषधांचा तुटवडा यांच्या तक्रारी मी स्वतः वर्षानुवर्षं ऐकल्या आहेत. त्याहून मोठी उणीव म्हणजे कायद्याने आखलेली रेघ. रेघेच्या आत असेल त्याला संरक्षण, बाहेर असेल त्याने आपलं आपण बघायचं. कायद्यातल्या 'कारखाना' या शब्दाच्या व्याख्येतून खाणी वगळलेल्या होत्या. याचा अर्थ काय होतो, ते बघायला आपल्याला लांब जायला नको.

रायपूरहून शंभराहून थोड्या जास्त किलोमीटरवर दल्ली राजहरा आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणी तिथे आहेत. कारखान्याच्या कायम नोकरांसाठी रुग्णालयं होती. खनिज फोडून ट्रकमध्ये भरणारे हजारो मजूर मात्र ठेकेदाराचे होते. 1977 मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपली संघटना बांधली. त्याच वर्षी 2 आणि 3 जूनला पोलिसांच्या गोळीबारात 11 जणांचा जीव गेला. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारावाचून गेल्या. तेव्हा मजुरांनी ठरवलं की दवाखाना आपणच बांधायचा. पैसा त्यांचा, अंगमेहनत त्यांची. 3 जून 1983 ला शहीद हॉस्पिटल सुरू झालं. डॉ. विनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे काम करायला आले. 28 सप्टेंबर 1991 ला भिलाईत नियोगींची हत्या झाली, पण रुग्णालय चालू राहिलं.

मी फौजी माणूस. संप, मोर्चे यांच्याकडे माझी पिढी जरा दुरूनच बघत आली. पण शहीद हॉस्पिटलचा इतिहास वाचताना मला एका गोष्टीची लाज वाटली. मजुरांनी स्वतः रुग्णालय बांधलं याचं आपण कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. पण ज्यांच्यासाठी ते खनिज फोडत होते, त्यांनी हा खर्च का उचलला नाही, हे विचारायचं राहून जातं. अनेक वर्षं तो खर्च त्या बायाबापड्यांनी आपल्या अंगावर काढला.

माझ्या फिटरचं दुखणं त्या मानाने लहान. चाल मात्र तीच. आज कोणी थेट म्हणत नाही की खर्च तुम्ही सोसा. आईवडील यादीतून निघतात. बिलाचा दहा-वीस टक्के हिस्सा रुग्णावर येतो. खोलीच्या भाड्याला मर्यादा लागते. नेमणुकीच्या पत्रात कंपनीने भरायचा हप्ताही 'एकूण पॅकेज'मध्ये मोजलेला असतो.

मालकाची अडचण खोटी नाही. दीडशे माणसांच्या गटात तिघे गंभीर आजारी पडले की हप्ता वाढणारच. म्हणूनच तर अडारकरांच्या योजनेत देशभरचे कारखाने एका निधीत आणले गेले. लाखो माणसांत तीन आजारी सामावून जातात. 21,000 ची रेघ वर्षानुवर्षं हलत नाही, पगार मात्र थोडे थोडे सरकतात. मग एकेक माणूस मोठ्या निधीतून छोट्या गटात पडतो, आणि तिथे शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं डायलिसिस त्याच्या घराला महाग पडतं.

मी मालकांना एक सुचवलं होतं. आईवडिलांचा हप्ता सगळ्यांना सारखा लावू नका, पगाराच्या टक्केवारीत लावा. मॅनेजरने जास्त द्यावं, फिटरने कमी. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. त्यांनी काय बघितलं, मला ठाऊक नाही.

तेव्हा मंडळी, घरात कोणी नोकरीला असेल तर आज त्याची पगाराची चिठ्ठी आणि विम्याचं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणाचं नाव गळलंय, बिलातला किती वाटा आपल्यावर आलाय, आणि पगार वाढल्यावर हातात खरंच किती येतंय, ते बघा. आणि तुम्ही टेबलाच्या माझ्या बाजूला बसत असाल, तर परिपत्रकावर सही करण्याआधी हा हिशेब मांडा. मी तो नंतर मांडला.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.